पहिली ओळ कोण म्हणणार

लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर ‘माइंडफुलनेस आणि बुद्धिस्ट मेडिटेशन, सर्वांचं स्वागत’ असा कागद दिसला आणि मी तशीच दूध घ्यायला दुकानात गेले. खीर करायची होती.

यात हसण्यासारखं काही नाही. नागपूरच्या बौद्ध घरात वाढलेल्या कुठल्याही मुलीनं हेच केलं असतं. बुद्धाचं नाव आणि ‘सर्वांचं स्वागत’ एका कागदावर दिसलं की पुढचं सगळं आम्हाला पाठ असतं. पांढरे कपडे, मेणबत्त्या, अगरबत्ती, वंदना, मग कोणाचं तरी लांबलेलं भाषण आणि शेवटी खीर. बर्मिंगहॅमला येऊन मला काही वर्षं झाली होती. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि घरी येऊन नवऱ्याचं आटवायचं, असं माझं चाललं होतं. मंडळाच्या गणपतीला जायचो, पोटभर जेवायचो, परत यायचो. पण आपला विहार, आपली वंदना, असं काही इथे दिसलं नव्हतं. तो कागद पाहून मला इतका आनंद झाला की मी वेळ लिहून घेतली आणि बाकीचं वाचलंच नाही.

खरं सांगायचं तर ही सगळी धडपड आईसाठी होती. आदल्या वर्षी बाबा गेले. त्यानंतर आई घरात चालत-फिरत होती, जेवत होती, माझ्या भाजीला नावं ठेवत होती, पण तिची संध्याकाळची वंदना बंद पडली होती. चाळीस वर्षं आमच्या घरात रोज दिवेलागणीला मेणबत्ती लागायची आणि वंदना व्हायची. परीक्षा असो, पाहुणे असोत, लाइट गेलेले असोत. बाबा गेल्यापासून तिनं मेणबत्तीला हात लावला नाही. मावशी नागपूरहून फोनवर रडायची, “तुझी आई विझून चालली गं, तिला तिकडे ने.” म्हणून मी तिला सहा महिन्यांच्या व्हिसावर आणलं. एवढंच मनात होतं की परत जाण्याआधी हिच्या तोंडून एकदा तरी वंदना ऐकायची. ती त्या रिकाम्या घरात एकटी राहणार होती. तिथे तिला धरून ठेवणारं तेवढं एकच काहीतरी होतं आणि तेच सुटलं होतं.

मी सगळं करून पाहिलं. गोडीनं सांगितलं, मग चिडून सांगितलं. माझं गोडीनं सांगणं फार वेळ टिकत नाही. “आई, तू म्हण ना गं.” “काय होणार आहे म्हणून?” ती म्हणायची आणि खिडकीतून शेजाऱ्याच्या मांजराकडे पाहत बसायची. जीपीकडे, म्हणजे इथल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं एक माहितीपत्रक दिलं. त्यावर समुद्रकिनाऱ्यावर चालणाऱ्या एका गोऱ्या आजीचा फोटो होता. “ही कोण?” आईनं विचारलं.

तर त्या सोमवारी आम्ही मायलेकी पांढऱ्या साड्या नेसून, वर काळे कोट चढवून, बसनं कम्युनिटी सेंटरला पोचलो. माझ्या मांडीवर खिरीचं पातेलं, आईच्या पिशवीत मेणबत्त्या. हॉलचं दार उघडलं तर आत बॅडमिंटनच्या रेघा मारलेल्या जमिनीवर दहा-बारा इंग्रज माणसं ट्रॅकसूट घालून, ब्लँकेट पांघरून आडवी पडलेली. कोणी हलत नव्हतं. आईनं माझा दंड धरला.

“हे लोक बिमार आहेत का?”

आमचा शिक्षक एक रिटायर्ड बस ड्रायव्हर होता. टक्कल, पायात लोकरीचे जाड मोजे, हातात पितळेची वाटी. ती वाटी तो छोट्या दांडक्यानं वाजवायचा. आईनं हात जोडून ‘जयभीम’ म्हटलं. त्यानंही फार आदरानं हात जोडले आणि ‘नमस्ते’ म्हणाला. मग पातेल्याकडे बघून विचारलं, हे काय आहे, लव्ह? तो सगळ्यांनाच लव्ह म्हणायचा. आईला एवढं इंग्रजी कळत होतं. घरी जाईपर्यंत ती त्या विषयावर बोलली नाही आणि घरी गेल्यावर दुसऱ्या विषयावर बोलली नाही.

मी आडवी पडले. आईनं साफ नकार दिला. भिंतीजवळच्या खुर्चीत ती कोट न काढता बसली, मांडीवर पर्स, डोळे सताड उघडे. शिक्षकानं हळूच सांगितलं की डोळे मिटलेत तर बरं. आईनं मला मराठीत सांगितलं आणि मी ते इंग्रजीत सांगितलं, “सगळ्यांनीच डोळे मिटले तर सामानाकडे कोण पाहणार?” पुढच्या सोमवारपासून लोक आपापल्या पर्स, छत्र्या, गाडीच्या किल्ल्या निमूटपणे आईच्या खुर्चीशी आणून ठेवायला लागले. आई प्रत्येक वस्तूकडे नीट पाहून घ्यायची, म्हणजे परत देताना गोंधळ नको.

त्या पहिल्याच दिवशी मनुक्याचा धडा होता. प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका. तो आधी पाहायचा, मग हुंगायचा, कानाशी नेऊन ऐकायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि चावायचा नाही. मला हसू फुटत होतं. आईनं तिचा मनुका केव्हाच खाल्ला होता आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला होता. मग शिक्षकानं खिरीचं पातेलं उघडलं आणि आज आपण हीसुद्धा लक्षपूर्वक खाऊ या, असं जाहीर केलं. आमच्याकडे खीर वाढली की दोन मिनिटांत वाटी पुढे येते. इथे सगळे डोळे मिटून एकेक शीत चघळत बसले. मी ओंजळभर मनुके टाकले होते. आता प्रत्येक मनुक्याची परत तीच वरात. कोणी बरी म्हणेना, वाईट म्हणेना. अशा वेळी खीर करणाऱ्या बाईमाणसाची काय अवस्था होते ते तिलाच ठाऊक. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मला वाटलं, वेलची जास्त झाली.

चहाच्या वेळी त्याच बाईनं मला विचारलं, तू बुद्धिस्ट कधीपासून? मी म्हटलं, जन्मापासून. झालं. बिस्किटं हातात धरून सगळे माझ्याभोवती गोळा झाले. किती भाग्यवान आहेस, म्हणाले. मग ध्यान तुला कोणी शिकवलं? रोज किती वेळ बसतेस?

आता यांना काय सांगू? आमच्या घरी डोळे मिटून बसलेलं माणूस दिसलं तर बाबा विचारायचे, “बरं वाटत नाही का?” आमचा धम्म म्हणजे अभ्यास कर, पहिला नंबर काढ, स्वच्छ राहा, कोणापुढे मान खाली घालू नको. बाबा पोस्टात होते. विहाराच्या कमिटीत तावातावानं भांडायचे आणि घरी येऊन पुस्तक उघडायचे. शांत बसणं हा प्रकार आमच्या खानदानात कोणाला जमलेला नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पण त्या निळ्या डोळ्यांसमोर हे सांगवेना. मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, आमच्या घरी सगळं फॅमिलीत चालत आलंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून वर्गात काही अडलं की लोक माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी गंभीर चेहरा करून पितळेच्या वाटीकडे बघायचे.

आई मात्र घरी येताना बसमध्ये दर वेळी ऐकवायची. “काखेत कळसा आणि गावाला वळसा. नागपूर सोडून हे शिकायले बर्मिंगहॅमला येऊन राहिली.”

“मग तू म्हण ना घरी. मी इथे येणं बंद करते.”

ती खिडकीबाहेर बघायची.

सोमवार जात राहिले. एकदा चालण्याचं ध्यान होतं. एक पाऊल उचलायचं, ते उचललं हे जाणायचं, मग टेकवायचं. आम्ही बॅडमिंटनच्या रेघांवरून इतक्या हळू चाललो होतो की बाहेर बिंगो खेळायला थांबलेल्या बायका काचेला नाक लावून बघत होत्या. “गॅसवर दूध ठेवून अशी चालशील तर झालं,” आई खुर्चीतून म्हणाली. मराठीत म्हणाली म्हणून बरं. सगळ्यांना वाटलं, आजी काहीतरी आशीर्वाद देताहेत.

एकदा मैत्रीभावना शिकवली. न आवडणारं माणूस डोळ्यांसमोर आणायचं आणि मनात म्हणायचं, सुखी हो, स्वस्थ हो. मी आमच्या लॅबच्या सुपरवायझरला आणलं. दर शनिवार-रविवारची शिफ्ट तो मलाच लावायचा. सुखी हो, म्हटलं. स्वस्थ हो, म्हटलं. तेवढ्यात तो माझ्या मनातच हसला आणि म्हणाला, या वीकेंडलाही तूच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी मोठ्यानं ‘नो’ म्हणाले. सगळा हॉल दचकला. डोळे उघडले तर समोर आई.

“कोणाशी भांडून राहिली?”

मला आता वाटतं, माझं ध्यान कधी लागलंच नाही. श्वासाकडे लक्ष दे म्हटलं की माझं लक्ष आईकडे जायचं. डोळे किलकिले करून मी तिला बघायचे. पर्सांच्या ढिगामागे कोट घालून बसलेली, इवलीशी झालेली. तिचं तिकीट जवळ येत होतं. इथली हवा तिला मानवली होती, गालांवर थोडं मांस आलं होतं, पण आतली ती गोष्ट जिथल्या तिथे होती. तिला परत पाठवून मी काय केलं म्हणू? सहा महिने मांजर दाखवलं?

कोर्सचा शेवटचा सोमवार आला. शिक्षक जरा अवघडून म्हणाला की आज शेवट पारंपरिक पद्धतीनं करू या, ज्यांना नको त्यांनी नुसतं ऐकावं. त्रिशरण आणि पंचशील. पालीत आहे. मी एक ओळ म्हणेन, तुम्ही ती माझ्यामागून म्हणायची. त्यानं चष्मा लावला, खिशातून एक कार्ड काढलं, घसा साफ केला आणि पहिली ओळ म्हटली. पुढचा स्टॉप कोणता ते सांगावं, अशा सुरात. आणि थांबला.

कोणी तोंड उघडेना. इंग्रज माणूस चारचौघांत गाणार नाही, म्हणणार नाही. सगळे आपापल्या मोज्यांकडे बघायला लागले. जन्मजात बुद्धिस्ट म्हणून सगळ्यांची आशा माझ्यावर, आणि मी नेहमीसारखी पितळेच्या वाटीकडे बघत बसले. तो बिचारा लाल झाला.

आणि मागून आईचा आवाज आला.

तीच ओळ. पण आमच्या घरातली, आमच्या चालीतली. वर्षभरात मी तो आवाज ऐकला नव्हता. थोडा चिरकला, मग सरळ झाला. शिक्षकानं दचकून वर पाहिलं, आणि दुसरी ओळ म्हटली. आई मागून. तिसरी, आई मागून. आता बाकीचेही तिच्या आधारानं गुणगुणायला लागले. तो त्याच्या इंग्रजी तोंडानं शब्दांची काय वाटेल ती भाजी करायचा, आई ती ओळ धुऊन-पुसून जागेवर ठेवायची. पाचही शीलं झाली. ती उभी राहिली होती. कधी उभी राहिली, मला कळलं नाही. मी तिथे बॅडमिंटनच्या रेघेवर बसून नाक पुसत रडत होते आणि मला कोणाची लाज वाटत नव्हती.

बसमध्ये मी म्हटलं, “आई, वर्षभर आम्ही तुझ्या पाया पडलो. माझं ऐकलं नाहीस, मावशीचं ऐकलं नाहीस. आणि त्या ड्रायव्हरचं ऐकलंस?”

“तुम्ही सगळे म्हणायचे, तू म्हण, तू म्हण. तो म्हणाला, मी म्हणतो, तुम्ही मागून या.” तिनं पर्सची चेन लावली. “मले मागूनच येते, बाई. पहिली ओळ तुझ्या बाबांची होती. ते गेल्यावर ती कोणी म्हटलीच नाही.”

आमच्या घरातली पद्धतच होती ती. बाबा बुद्धाच्या फोटोसमोर उभे राहून ओळ म्हणायचे, पत्त्यावरचं नाव मोठ्यानं वाचावं तशी. त्यांच्यामागे आई. तिच्या मागे आम्ही भावंडं, तोंड हलवत. चाळीस वर्षं ती त्यांच्या ओळीची वाट पाहून बोलत आली होती. आम्ही तिला दुःख विसर म्हणत होतो, मन रमव म्हणत होतो, डॉक्टरला दाखवत होतो. ती नुसती तिची पाळी येण्याची वाट पाहत होती.

“मी म्हणते,” मी घरात शिरल्या शिरल्या म्हटलं. “लाव मेणबत्ती.”

आईनं मेणबत्ती लावली. मी हात जोडून पुढे उभी राहिले. त्रिशरण निभावलं. तिसऱ्या शीलाला गाडी अडली. मागून म्हणणाऱ्याला पुढचं पाठ असावं लागत नाही, हे मला त्या क्षणी समजलं.

“पुढे काय? सांग ना.”

“मले नाही येत आधी म्हणायले.”

“येतं तुला. आत्ता हॉलमध्ये सगळं म्हटलंस.”

“त्यानं म्हटलं म्हणून.”

आम्ही मेणबत्तीसमोर भांडलो. बाबा असते तर त्यांना घरी आल्यासारखं वाटलं असतं. नवरा दारातून डोकावला आणि परत गेला.

शेवटी मी शिक्षकाला फोन केला आणि त्याच्या कार्डाची कॉपी मागून घेतली. नागपूरची मुलगी बर्मिंगहॅमच्या बसमध्ये बसून इंग्रजी अक्षरांत पंचशील पाठ करत होती. त्यानं इंग्रजांसाठी जिथे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. मीही तिथेच श्वास घ्यायला लागले. आठवडाभरात पाठ झालं. रोज संध्याकाळी मी पुढे, आई मागे. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं वंदना झाल्यावर मेणबत्ती विझवत सांगितलं, “पाठ झालं तुझं. पण सूर त्या माणसाचा लागून राहिला.”

मग ती गेली. तिला विमानात बसवून परत येताना मला सारखं ते घर दिसत होतं. कुलूप काढून ती आत जाणार, दिवेलागण होणार, ती फोटोसमोर उभी राहणार आणि समोरून ओळच येणार नाही. म्हणजे पुन्हा तेच.

तिथे संध्याकाळ होते तेव्हा इथे माझी लंचची सुट्टी असते. दुसऱ्या दिवशी मी डबा तसाच ठेवला आणि भारतात स्वस्तात फोन लावायचं कॉलिंग कार्ड, त्यावरचा नंबर खरवडून, लॅबच्या मागच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. तेव्हाच्या त्या कार्डांवर बोललेलं पोचायला वेळ लागायचा. आपण बोलायचं, मग काहीच नाही, मग पलीकडून आवाज यायचा. त्या मधल्या वेळात दुसरं काहीच करता येत नाही, कान देऊन उभं राहावं लागतं. मला आयुष्यात जमलेलं ध्यान तेवढंच.

“लावलीस मेणबत्ती?”

थोड्या वेळानं आवाज आला, “लावली.”

मी पहिली ओळ म्हटली. वरून आमचा सुपरवायझर जिना उतरत आला, मला भिंतीकडे तोंड करून, फोन मान वाकडी करून खांद्यात धरून हात जोडलेली पाहून जागीच थांबला. फोनमध्ये काहीच ऐकू येईना. मी वाट पाहिली. नेहमीपेक्षा जास्त वाट पाहिली. लाइन कटली असेल, किंवा ती त्या घरात रडत असेल, आणि मी इतक्या लांब.

“आई? आहेस का?”

“आहे ना.” तिचा आवाज भरून आला होता. “किती घाई करतेस. ते पण असेच घाई करायचे. परत म्हण. मी आहे मागे.”